नोनान्तोलाचे तीन कागद

आठव्या आज्ञेवर प्रवचन करणे सोपे, आणि नित्याच्या व्यवहारात ती पाळणेही अनेकदा फारसे कठीण नसते. कठीण असते ते तिची मर्यादा कोठे सुरू होते व कोठे संपते हे सांगणे. कोणाचा जीव वाचत असेल तर खोटे बोलावे काय? धर्मशिक्षणाच्या वर्गात हा प्रश्न एखादे मूल हमखास विचारते, आणि शिकविणारा बहुधा काहीतरी मोघम बोलून पुढच्या धड्याकडे वळतो. या प्रश्नाकडे जाणारी एक वाट आम्हांस इटलीतील एका लहानशा गावातून जाताना दिसते. त्या गावाच्या बाराशे वर्षांच्या इतिहासात तीन प्रकारचे कागद आहेत: एक खोटा, एक खरा, आणि एक असा की त्याला खरा म्हणावे की खोटा, याचा निर्णय आम्ही अनेक वेळा करून पाहिला.

गावाचे नाव नोनान्तोला. उत्तर इटलीत पो नदीच्या सपाट खोऱ्यात, मोडेना शहरापासून दहाएक किलोमीटरवर ते वसले आहे. जवळून पानारो नदी वाहते. आठव्या शतकात येथे रान होते, दलदल होती, आणि पावसाळी पुराचे पाणी मनास येईल तेथे पसरत असे. ७५२ साली लोंगोबार्द राजा आयस्टुल्फ याचा मेहुणा अन्सेल्म, जो पूर्वी फ्रिउली प्रांताचा ड्यूक होता, त्याने तलवार खाली ठेवून येथे संत बेनेडिक्ट यांच्या नियमानुसार चालणारा मठ उभारला. मठवासीयांनी चर खणले, पाण्यास वाट करून दिली, जंगल तोडून शेते केली. प्रार्थना आणि श्रम हे बेनेडिक्टच्या मुलांचे दोन हात. या भूमीवर दुसऱ्या हाताचे काम अधिक दिसून येते. चौथ्या शतकातील पोप संत सिल्व्हेस्टर यांचे अवशेष रोमहून येथे आणले गेले आणि मठास त्यांचे नाव मिळाले. पुढे राजा देसिदेरियसची अन्सेल्मवर अवकृपा झाली व त्याला मोंते कासिनोच्या मठात वनवास भोगावा लागला. ७७४ मध्ये शार्लमेनने लोंगोबार्दांचे राज्य जिंकल्यावरच तो परतला. ८०३ साली त्याने देह ठेवला. ८८५ मध्ये पोप तिसरे एड्रियन प्रवासात असता या परिसरातच निवर्तले. त्यांनाही नोनान्तोलाच्या मठात चिरविश्रांती मिळाली.

असा हा भरभराटीचा मठ ८९९ साली एका झटक्यात भस्मसात झाला. ब्रेंता नदीकाठी राजा बेरेंगारच्या सैन्याचा धुव्वा उडवून मग्यार घोडेस्वार खोऱ्यात उतरले. त्यांनी मठवासीयांची कत्तल केली, मठ जाळला आणि त्याबरोबर पुष्कळ पोथ्याही जाळल्या. वाचलेले मठवासी परतले, त्यांनी पुन्हा भिंती उभारल्या. भिंती पुन्हा उभारता येतात. जळालेला कागद मात्र पुन्हा उगवत नाही, आणि येथूनच आमच्या पहिल्या कागदाची कथा सुरू होते.

मठाची मालमत्ता अफाट होती. शेजारी मोडेनाचे बिशप होते, मोडेना आणि बोलोन्या ही दोन वाढती शहरे होती, आणि प्रत्येकाची नजर मठाच्या जमिनीवर अथवा अधिकारावर होती. न्यायासनापुढे जो तो विचारी, "तुमच्याकडे सनद आहे काय?" अशा काळात मठाच्या लेखनशाळेतून सनदा निघू लागल्या. राजा आयस्टुल्फने अमुक सीमेपर्यंतची जमीन दिली, सम्राट शार्लमेनने ते दान कायम केले, पोपमहाशयांनी मठास बिशपच्या अधिकारातून मुक्त केले, असे त्यांत लिहिलेले होते. यांतील अनेक सनदा अकराव्या-बाराव्या शतकांत रचल्या गेल्या अथवा त्यांत मागाहून भर घातली गेली, हे आधुनिक अभ्यासकांनी अक्षरांचे वळण, तारखा लिहिण्याची पद्धत आणि शब्दयोजना पारखून दाखवून दिले आहे. राजाच्या मरणानंतर तीनशे वर्षांनी राजाची आज्ञा लिहिली गेली.

येथे एक विलक्षण योगायोग नोंदविल्यावाचून आम्हांस राहवत नाही. ज्या पोप सिल्व्हेस्टरच्या नावाने हा मठ ओळखला जातो, त्याच सिल्व्हेस्टरच्या नावे मध्ययुगातील सर्वांत प्रसिद्ध बनावट दस्तऐवज रचला गेला. सम्राट कॉन्स्टन्टाईनने रोम व पश्चिमेकडील प्रदेश सिल्व्हेस्टर यांस अर्पण केले, असे सांगणारे ते 'कॉन्स्टन्टाईनचे दानपत्र'. १४४० मध्ये लोरेन्झो व्हाल्ला या पंडिताने त्यातील लॅटिन भाषेचीच साक्ष काढून ते खोटे ठरविले. भाषा चौथ्या शतकाची नव्हती. ख्रिस्तसभेने हे सत्य पचविण्यास वेळ घेतला. पण तोच व्हाल्ला पुढे पोप पाचवे निकोलस यांच्या पदरी राहिला, हेही सांगितले पाहिजे. बिचारे सिल्व्हेस्टर ३३५ सालीच निवर्तले होते. त्यांच्या नावावर पुढच्या पिढ्यांनी काय काय लिहिले, याची त्यांना वार्ताही नव्हती.

तर मग नोनान्तोलाचे ते मठवासी लबाड होते काय? सरळ 'होय' म्हणून मोकळे होणे आम्हांस अन्यायाचे वाटते. खरे कागद आगीत गेले होते. ती शेते मठाचीच आहेत, हे आजूबाजूच्या नांगरधाऱ्यालाही ठाऊक होते. ज्याचा हक्क खरा पण पुरावा हरवला, त्याने स्मरणातील गोष्ट कागदावर उतरविली तर त्यात काय वावगे, असा विचार एखाद्या प्रामाणिक मठवासीयाच्याही मनात आला असेल. शिवाय जमीन आपली नव्हे, संत सिल्व्हेस्टरची आहे, आणि संताची मालमत्ता राखणे हे पुण्यकर्म आहे, अशी त्या काळची दृढ भावना होती. ही भावना समजून घेतली पाहिजे. परंतु समजून घेणे निराळे आणि मान्य करणे निराळे. कारण स्मरण कागदावर उतरविताना हात एके जागी थांबत नाही. सीमा एका ओढ्यापर्यंत होती, ती लिहिताना दुसऱ्या ओढ्यापर्यंत जाते. राजाने जे दिले असते तर बरे झाले असते, ते राजाने दिलेच होते असे वाटू लागते. ज्यांच्या घरी जमिनीचे तंटे झाले आहेत त्या वाचकांस आम्ही याहून अधिक काय सांगावे? आपल्या वाडीतील बांध दरवर्षी वीतभर सरकतो, आणि सरकविणारा मनुष्य शपथेवर सांगतो की आजोबांच्या वेळेपासून तो तेथेच आहे. बहुधा त्याचा स्वतःचाही त्यावर विश्वास बसलेला असतो.

आता दुसरा कागद. १०५८ साली मठाधिपती गोतेस्काल्को याने नोनान्तोलाच्या रहिवाशांशी एक करार केला. मठाच्या ताब्यातील कुरणे, राने, पाणथळ जागा यांचा मोठा विस्तार त्याने गावकऱ्यांस सामाईक उपभोगासाठी दिला. गुरे चारावीत, लाकूड तोडावे, जमीन कसावी. पण ती सर्वांची म्हणून राहावी. त्याच्या बदल्यात गावकऱ्यांनी गावाभोवतीच्या तटाचा मोठा भाग बांधून द्यावयाचा, उरलेला मठाने बांधावयाचा. मठाधिपतीने आणखी एक वचन दिले, आणि आम्हांस ते जमिनीहून मोलाचे वाटते: कायदेशीर निवाड्यावाचून तो कोणावर हात टाकणार नाही, कोणाचे घर पाडणार नाही. इंग्लंडच्या राजाकडून सरदारांनी अशा स्वरूपाचे वचन घेतले ते १२१५ मध्ये. येथे दीड शतक आधी एका मठाधिपतीने ते शेतकऱ्यांस दिले होते. यामागे केवळ औदार्य होते असे मानण्याचे कारण नाही. तट हवा होता, माणसे हवी होती, आणि शेजारच्या शहरांनी ती ओढून नेऊ नयेत ही निकड होती. सत्कृत्याला गरजेची जोड असली म्हणून ते सत्कृत्य ठरत नाही असे आम्ही मानीत नाही.

हा कागद खरा आहे. नुसता अस्सल नव्हे, खरा. कारण तो पाळला गेला. १११७ च्या भूकंपात मठाचे मंदिर ढासळले आणि ११२१ पासून पुन्हा बांधण्यात आले. त्याची नोंद प्रवेशद्वारावरील शिलालेखात आजही वाचता येते. पंधराव्या शतकात मठाचे उत्पन्न दूर राहणाऱ्या नामधारी मठाधिपतींकडे जाऊ लागले. १५१४ मध्ये बेनेडिक्ट पंथीयांच्या जागी सिस्टर्शियन आले. पुढे तेही गेले. आज मोडेनाचे आर्चबिशप हेच नोनान्तोलाचे मठाधिपती होत. एवढी स्थित्यंतरे झाली, पण १०५८ च्या त्या सामाईक जमिनीची संस्था, जिला तेथे 'पार्तेचिपान्झा' म्हणतात, ती अद्याप जिवंत आहे. जुन्या कुळांचे जे वंशज त्या गावात राहतात त्यांच्यामध्ये जमिनीचे तुकडे ठराविक वर्षांनी चिठ्ठ्या टाकून वाटले जातात. तुकडा विकता येत नाही. कोणी गाव सोडून गेला तर त्याचा भाग इतरांकडे येतो. गोव्यातील गांवकरी पद्धत ज्यांना ठाऊक आहे त्यांस ही रीत अगदीच अनोळखी वाटणार नाही. इटलीच्या कायद्यानेही १८९४ मध्ये अशा संस्थांस मान्यता दिली आणि २०१७ च्या नव्या कायद्याने ती अधिक पक्की केली.

पवित्र शास्त्राच्या हिब्रू भाषेत 'सत्य' या अर्थी जो शब्द येतो, त्याच्या मुळाशी 'भरवसा', 'न ढळणे' हा अर्थ आहे. आपण प्रार्थनेच्या शेवटी जे 'आमेन' म्हणतो तेही त्याच धातूचे. घडलेल्या गोष्टीशी शब्द जुळला म्हणजे सत्य झाले, ही सत्याची अर्धी बाजू. दिलेला शब्द पुढे खरा करून दाखविला, ही दुसरी. १०५८ चा कागद दोन्ही बाजूंनी उतरतो. आयस्टुल्फच्या नावाची बनावट सनद एकाही बाजूने उतरत नाही. ती राजाचा शब्द नव्हे, आणि तिने कोणास शब्दही दिलेला नाही. ती केवळ मागते.

तिसऱ्या कागदासाठी आपणांस विसाव्या शतकात यावे लागते. १९४२ च्या उन्हाळ्यात नोनान्तोलाच्या सीमेवरील 'व्हिल्ला एम्मा' या बंगल्यात चाळीसएक ज्यू मुले आणि तरुण येऊन राहिले. जर्मनी, ऑस्ट्रिया, युगोस्लाव्हिया येथून ती निसटली होती. पुष्कळांचे आईबाप छळछावण्यांत गेले होते. पुढल्या वसंतात आणखी मुले आली आणि संख्या ७३ झाली. ८ सप्टेंबर १९४३ रोजी इटलीने दोस्त राष्ट्रांशी तह केल्याचे जाहीर झाले आणि जर्मन सैन्य त्या भागात शिरले. दोन-तीन दिवसांत बंगला रिकामा झाला. बरीच मुले मठाला लागून असलेल्या सेमिनरीत लपविली गेली. ही सेमिनरी संत चार्ल्स बोर्रोमेओ यांनी सोळाव्या शतकात स्थापिली होती. मुलींना सिस्टरांनी आश्रय दिला, उरलेली मुले गावातील कुटुंबांनी आपल्या घरांत घेतली. या कामाचे सूत्रधार दोघे: सेमिनरीत शिकविणारे तरुण धर्मगुरू फादर अर्रिगो बेक्कारी आणि गावचे डॉक्टर ज्युझेप्पे मोरेआली. सर्व गावास ठाऊक होते. कोणी चहाडी केली नाही.

परंतु मुलांना स्वित्झर्लंडच्या सीमेपर्यंत न्यावयाचे तर ओळखपत्रे हवी होती. ती तयार करण्यात आली. नगरपालिकेचे कोरे नमुने मिळविले गेले, शिक्के कोरले गेले, मुलांना इटालियन नावे दिली गेली. दक्षिणेतील गावचे रहिवासी म्हणून त्यांची नोंद झाली, कारण तिकडचा मुलूख शत्रूच्या हाती गेल्याने चौकशी करणे जर्मनांस शक्य नव्हते. ऑक्टोबरमध्ये मुले गटागटाने निघाली आणि रात्री त्रेसा नदी ओलांडून पलीकडे पोहोचली. पुढे फादर बेक्कारींस अटक झाली. बोलोन्याच्या तुरुंगात त्यांचा छळ करण्यात आला. त्यांनी नावे सांगितली नाहीत. १९६४ मध्ये जेरुसलेम येथे त्यांचा आणि डॉक्टर मोरेआली यांचा 'राष्ट्रांतील नीतिमान' म्हणून गौरव झाला.

ज्या गावात मठवासीयांनी बनावट सनदा लिहिल्या, त्याच गावात, त्याच मठाच्या सावलीत, एका धर्मगुरूने बनावट ओळखपत्रे तयार करविली. एकास आम्ही दोष दिला. दुसऱ्यापुढे मान लवते. हा पक्षपात तर नव्हे?

संत आगुस्तीन असते तर त्यांनी आम्हांस सहज सोडले नसते. असत्य भाषणावर त्यांनी दोन ग्रंथ लिहिले आणि दोन्हींत निर्णय एकच दिला: कोणत्याही कारणास्तव, अगदी कोणाचा प्राण वाचविण्यासाठीही, खोटे बोलता कामा नये. त्यांनी तागास्ते येथील फिर्मुस नावाच्या बिशपचे उदाहरण दिले आहे. आश्रयास आलेल्या एका मनुष्यास पकडण्यासाठी सम्राटाचे शिपाई आले. बिशप म्हणाले, मी खोटे बोलणार नाही आणि त्यालाही दाखवून देणार नाही. त्यांचा छळ झाला, त्यांना सम्राटापुढे नेण्यात आले; त्यांच्या धैर्याने सम्राट थक्क झाला आणि त्या मनुष्यास क्षमा मिळाली. संत थॉमस अक्वायनस यांनी थोडी सैल गाठ बांधली: उपकारासाठी बोललेले असत्य हे क्षम्य पाप, पण पापच, सत्य शहाणपणाने झाकून ठेवण्यास मात्र हरकत नाही. याच्या उलट बाजूस योहान कासियन आहेत. असत्य म्हणजे हेलेबोर या विषारी मुळीसारखे, धडधाकट माणसाने घेतले तर मरण, मरणाच्या दारातील रोग्यास औषध, असे त्यांच्या संवादांत म्हटले आहे. हे संवाद वाचावेत असे संत बेनेडिक्ट यांनी आपल्या नियमातच सांगून ठेवले आहे, म्हणजे नोनान्तोलाच्या मठवासीयांच्या कानी ते पडले असणारच. त्यांनी ती मुळी रोगी नसतानाही चाखली, असे म्हणावे लागते.

आपल्या काळातही हा तंटा मिटलेला नाही. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथात असत्याची व्याख्या करताना, ज्याला सत्य जाणण्याचा हक्क आहे त्याची दिशाभूल करणे, अशा आशयाचे शब्द होते. १९९७ च्या अधिकृत लॅटिन आवृत्तीत हक्काविषयीचा तो भाग वगळण्यात आला. मात्र ज्याला हक्क नाही त्याला सत्य सांगण्यास कोणी बांधील नाही, हे वाक्य पुढे तसेच राहिले. ख्रिस्तसभाही येथे जपून पाऊल टाकते, हे आम्हांस दिलासा देणारे वाटते.

आमचे मत आम्ही लपवीत नाही. दोन कागदांमध्ये फरक आहे, आणि तो हेतूच्या चांगुलपणात नाही. हेतू तर मठवासीयांचाही चांगलाच होता. फरक असा की बनावट सनद ज्याच्यापुढे ठेवली तो न्यायाधीश होता, त्याला खरे काय ते जाणण्याचा पूर्ण अधिकार होता, आणि त्याला फसविल्याने मोडेनाच्या कोणातरी शेतकऱ्याची चराई गेली असेल. ओळखपत्र ज्याच्यापुढे ठेवले तो मुलांना ठार मारण्यासाठी सत्य विचारीत होता. सनदेचा लाभ लिहिणाऱ्यास झाला. ओळखपत्राने लिहिणाऱ्यास तुरुंग दाखविला. आणि सनदेचे खोटेपण शतकानुशतके मोहोरेखाली दडपून ठेवावे लागले, तर ओळखपत्रांचे खोटेपण युद्ध संपताच उघड्यावर सांगता आले. ज्यांना सांगावयाचे त्यांच्यापैकी कोणीही त्यामुळे दुखावले नाही. वयाच्या दाखल्यावरील साल 'थोडेसे' मागेपुढे करून मागण्यासाठी जे धर्मग्रामाच्या कार्यालयात येतात, त्यांनी हा शेवटचा मुद्दा स्वतःस लावून पाहावा. नोकरी पक्की झाल्यावर ते साल चारचौघांत सांगता येईल काय?

तरीही बिशप फिर्मुस आमच्या मनातून जात नाहीत. फादर बेक्कारींनीही तुरुंगात तेच केले. खोटे न सांगता मौन राखले व मार सोसला. पण मौनाने स्वतःचे प्राण पणाला लावता येतात, दुसऱ्याच्या ७३ मुलांचे लावता येतात काय? निर्गमाच्या पुस्तकात फारोची आज्ञा मोडून हिब्रू बालके वाचविणाऱ्या सुइणींनी राजाला सरळ थाप मारली, आणि देवाने त्यांची घरे भरली. ते बक्षीस त्यांच्या दयेबद्दल होते, असत्याबद्दल नव्हे, असे संत थॉमस बजावतात. असेल. पण त्या सुइणींच्या ठायी दया एकीकडे आणि थाप दुसरीकडे, अशी फाळणी आम्हांस तरी करता येत नाही.

व्हिल्ला एम्मातील एक मुलगा क्षयाने आजारी होता. तो डोंगरातील रुग्णालयात असल्याने त्याला इतरांबरोबर नेता आले नाही. त्याला पकडून ऑशविट्झला पाठविण्यात आले. तो परतला नाही.